कर्नल सुरू होताना एसएसई, एसएमईपी, एव्हीएक्स कुठे आणि कधी चालू करायचं? पहिला कोअर चालतो, बाकीचे पडतात

सूरसागरकाठ :

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितोय. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत स्वतःचा छोटासा ६४ बिट कर्नल लिहायला घेतलाय, सी आणि लागेल तेवढं असेंब्ली, यूईएफआयवरून (मशीनचं फर्मवेअर) बूट होतो आणि लोडरही माझाच आहे. स्क्रीनवर अक्षरं येतात, टायमर चालतो, दोन टास्क आलटून पालटून चालतात, इथपर्यंत काही तक्रार नाही.

घोडं अडलंय ते प्रोसेसरचे जे फीचर्स आपल्याला स्वतः चालू करावे लागतात तिथे, म्हणजे एसएसई आणि एव्हीएक्स (एका दमात अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या इन्स्ट्रक्शन) आणि एसएमईपी (कर्नलला यूजरच्या पानावरचा कोड चालवू न देणारं संरक्षण). क्यूईएमयूला (अख्ख्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) एकच कोअर दिला तर सगळं सुरळीत. चार कोअर दिले आणि बाकीचे तीन जागे केले की दुसरा कोअर ट्रॅम्पोलिनमधून (कोअर उठताना चालणारा छोटा असेंब्ली कोड) लाँग मोडमध्ये (६४ बिट मोड) येतो, सी च्या फंक्शनमध्ये शिरतो आणि लगेच ६ नंबरचं एक्सेप्शन, इनव्हॅलिड ओपकोड. त्या पत्त्यावरची डिसअसेंब्ली काढली तर तिथे पीएक्सओआर ही एसएसईची इन्स्ट्रक्शन आहे, एक्सएमएम-० ह्या एसएसई रजिस्टरचा एक्सएमएम-० शीच. आणि ते फंक्शन करतं काय, तर त्या कोअरची माहिती ठेवायचं एक स्ट्रक्चर शून्य करतं, बस. माझ्या अख्ख्या कर्नलमध्ये फ्लोट कुठे नाही, मग एसएसई आलं कुठून? आणि आलं तर तेच फंक्शन पहिल्या कोअरवर कसं चालतं?

दुसरी भानगड एसएमईपीची. सीआर-४ (प्रोसेसरचे फीचर चालू-बंद करायचं रजिस्टर) चा २० नंबरचा बिट लावला की मशीन रीस्टार्ट. क्यूईएमयूला "सीपीयू मॅक्स" देऊन इंटरप्टचा लॉग घेतला तर आधी १४ नंबर (पेज फॉल्ट), एरर कोड हेक्समध्ये ११, मग ८ नंबर (डबल फॉल्ट), मग ट्रिपल फॉल्ट. घरी एक जुना दुसऱ्या पिढीचा आय-३ आहे, त्याच्यावर पेन ड्राइव्हने बूट केलं तर तोही त्याच ओळीवर रीस्टार्ट होतो, पण तिथे लॉग कुठून आणणार.

जिथे वाचावं तिथे "सीआर-४ चे ९ आणि १० नंबरचे बिट लावा" एवढंच सांगून पुढे निघून जातात. हे बिट मुळात बंद का असतात, कुठल्या क्रमाने लावायचे, प्रत्येक कोअरवर परत लावायचे का, हे कुणी नीट सांगेल का? कॉलेजात सगळी चर्चा गुजराती नाहीतर इंग्रजीत होते, मराठीत कुणी समजावलं तर फार बरं होईल.


जुना_सिस्टीमवाला :

पत्ता काढून डिसअसेंब्ली बघितलीस म्हणजे अर्धं काम झालं. आता एक कर, क्यूईएमयूच्या मॉनिटरमध्ये जाऊन कोअर ० आणि कोअर १ दोन्हीचे "इन्फो रजिस्टर्स" काढ आणि सीआर-०, सीआर-४ आणि ईएफईआर (तिन्ही प्रोसेसरची नियंत्रण रजिस्टर) एवढे तीन आकडे दोघांचे इथे टाक. मॉनिटरमध्ये कोअर बदलायला "सीपीयू १" असं टाइप करायचं. एसएमईपीचं नंतर बघू, ती वेगळी गोष्ट आहे.


सूरसागरकाठ :

दादा, हे घ्या, सगळे हेक्समध्ये.

कोअर ० : सीआर-० ८००१००३३, सीआर-४ ६६८, ईएफईआर डी००
कोअर १ : सीआर-० ई०००००११, सीआर-४ २०, ईएफईआर ५००

दोघांत इतका फरक असेल असं वाटलं नव्हतं. कोअर ० च्या सीआर-४ ला मी अजून हातसुद्धा लावलेला नाही, मग ६६८ कुणी भरलं?


जुना_सिस्टीमवाला :

फर्मवेअरने भरलं, आणि तुझं सगळं उत्तर ह्या सहा आकड्यांतच आहे. एकेक फोडून बघू, कारण हे एकदा हाताने फोडून बघितलं की परत कुणाला विचारावं लागत नाही.

६६८ मधले ४०० म्हणजे १० नंबरचा बिट, त्याला ओएसएक्सएमएमएक्सेप्ट म्हणतात. २०० म्हणजे ९ नंबरचा, ओएसएफएक्सएसआर. ४० मशीन चेकचा, २० पीएईचा (लाँग मोडच्या पेजिंगला लागणारा), ८ डीबग एक्स्टेन्शनचा. यूईएफआय ६४ बिटमध्ये तुझ्या लोडरला ताबा देतं तेव्हा सीआर-० मधले ईएम आणि टीएस हे बिट (लागलेले असले तर एसएसईच्या इन्स्ट्रक्शन अडवतात) शून्य असले पाहिजेत असा त्यांचा नियमच आहे, त्यांची स्वतःची कॉलिंग कन्व्हेन्शन एक्सएमएम रजिस्टर वापरते, तेव्हा पहिला कोअर तुझ्या हातात येतो तोच एसएसईसकट तयार होऊन. त्यात तुझं कर्तृत्व काही नाही.

बाकीच्या कोअरना तू आयएनआयटी (कोअर रीसेट करणारा इशारा) पाठवतोस, मग सिपी (कोअर सुरू करणारा इशारा). आयएनआयटी मिळाल्यावर कोअरचा सीआर-४ सरळ शून्य होतो. फर्मवेअरने त्या कोअरवर आधी काय केलं होतं ते गेलं. तुझ्या ट्रॅम्पोलिनने लाँग मोडसाठी लागतो म्हणून पीएई लावला, तेच ते २०. ९ आणि १० नंबरचे लावलेच नाहीत कुणी, म्हणून त्या कोअरच्या दृष्टीने पीएक्सओआर ही इन्स्ट्रक्शन अस्तित्वातच नाही आणि तो ६ नंबर फेकतो. वागणूक बरोबर आहे त्याची.

पीएक्सओआर आली कुठून, तर कंपायलरकडून. ६४ बिट एक्स८६ म्हटलं की एसएसई-२ असणारच हे कंपायलर धरून चालतो, आणि स्ट्रक्चर शून्य करायला आठ आठ बाइटने जाण्यापेक्षा एक्सएमएम-० शून्य करून सोळा सोळा बाइट लिहिणं त्याला स्वस्त पडतं. फ्लोटशी ह्याचा काही संबंध नाही.

आता बंद का असतात. १९९९ मध्ये पेंटियम ३ बरोबर एसएसई आलं तेव्हा १२८ बिटची आठ नवीन रजिस्टर आली. तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टीम टास्क बदलताना एफसेव्ह करायच्या, त्यात फक्त जुनं एक्स८७ चं सामान जपलं जायचं, नवीन रजिस्टरांचा तिला पत्ताच नाही. अशा सिस्टीमवर दोन प्रोग्रॅमनी एसएसई वापरलं असतं तर एकाचे आकडे दुसऱ्याच्या हिशेबात गेले असते आणि कुणाला कळलंही नसतं. म्हणून प्रोसेसर आधी विचारून घेतो. ९ नंबरचा बिट लावणं म्हणजे कर्नलने प्रोसेसरला शब्द देणं की टास्क बदलताना मी एफएक्ससेव्ह आणि एफएक्सआरस्टोर करीन, ५१२ बाइटची आणि १६ च्या पटीत अलाइन केलेली जागा प्रत्येक टास्कला ठेवीन. १० नंबरचा म्हणजे १९ नंबरच्या एक्सेप्शनला माझ्याकडे हँडलर आहे. तो नाही लावला आणि एसएसईच्या गणितात मास्क न केलेली गडबड झाली तर तीही ६ नंबर म्हणूनच येते, मग तू चुकीच्या जागी शोधत बसतोस.

तर एसएसईसाठी प्रत्येक कोअरवर, सी मध्ये शिरायच्या आधी, म्हणजे असेंब्लीतच : सीआर-० मधला ईएम काढ, एमपी लाव, सीआर-४ मध्ये ९ आणि १० लाव. तुझ्याकडे यूईएफआय आहे म्हणून कोअर ० वर आयतं मिळालं, पण तिथेही स्वतः लाव, उद्या दुसऱ्या लोडरने बूट केलंस तर ते मिळेलच असं नाही.

आता बाकीचे आकडे, जे तू विचारले नाहीस पण त्यात जास्त धोका आहे.

ईएफईआर डी०० आणि ५००. फरक ८०० चा, म्हणजे ११ नंबरचा बिट, एनएक्सई, पानावरचा कोड चालवू न देणाऱ्या एनएक्स बिटाला परवानगी देणारा. आज तुझ्या पेज टेबलमध्ये ६३ नंबरचा एनएक्स बिट कुठे नसणार म्हणून गप्प आहे. ज्या दिवशी डेटाची पानं एनएक्स करशील त्या दिवशी कोअर १ वर तोच ६३ नंबरचा बिट रिझर्व्ह्ड ठरतो आणि साधं वाचायला गेलं तरी पेज फॉल्ट येतो, एरर कोड ९ दिसेल. पेज टेबल तेच, कोअर ० वर चालतं, कोअर १ वर नाही. माणूस पेज टेबल तपासत बसतो आणि गोष्ट असते ईएफईआरमध्ये.

सीआर-० मध्ये कोअर १ वर १६ नंबरचा डब्ल्यूपी नाही. म्हणजे रीड ओन्ली केलेल्या पानावर कर्नल कोअर ० वरून लिहायला गेला तर पकडला जाईल आणि कोअर १ वरून बिनबोभाट लिहून मोकळा होईल. हे तर पडतसुद्धा नाही, म्हणून जास्त वाईट. आणि सुरुवातीचा ई म्हणजे पेजिंगबरोबर ३० आणि २९ नंबरचे सीडी आणि एनडब्ल्यू पण लागलेले आहेत, कॅशे बंद ठेवायचे बिट. क्यूईएमयूत ह्याने काही बिघडत नाही, पण खऱ्या मशीनवर कोअर कॅशेशिवाय चालला तर रांगत चालेल. ट्रॅम्पोलिनमध्ये जुन्या किमतीत बिट मिसळू नकोस, सीआर-० ची पूर्ण किंमत ठरवून एकदाच लिही.


लिनक्स_वाचणारी :

दादांनी सांगितलेलं सगळं बरोबर, पण एका ठिकाणी माझं मत वेगळं आहे. ट्रॅम्पोलिनमध्ये ९ आणि १० लावल्यावर तुझा क्रॅश जाईल आणि तू पुढे जाशील, आणि तिथेच खरा घोटाळा राहून जाईल. कर्नलला मुळात एसएसई वापरू देऊच नकोस.

का ते बघ. यूजर प्रोग्रॅम एक्सएमएम-० मध्ये काहीतरी दशांशाचं गणित धरून बसलाय, टायमरचा इंटरप्ट आला, तुझ्या हँडलरने कुठलं तरी स्ट्रक्चर शून्य केलं, कंपायलरने त्यासाठी एक्सएमएम-० वापरलं, इंटरप्ट संपला, प्रोग्रॅम पुढे चालू. त्याचं गणित चुकलं. कुठे एक्सेप्शन नाही, लॉग नाही, काही नाही, आणि परत करून बघायला गेलास तर येणार नाही कारण इंटरप्ट नेमका त्याच जागी यायला पाहिजे. आज ६ नंबर येतोय तो उलट तुझ्यावर उपकार आहे, कर्नलमध्ये एक्सएमएम वापरलं जातंय हे त्याने दाखवून दिलं.

लिनक्सचा एक्स८६ कर्नल ह्याच कारणाने एसएसई, एमएमएक्स, एव्हीएक्स सगळ्यांना "नो" म्हणणारे फ्लॅग देऊन कंपाइल होतो, आणि रेड झोन (स्टॅकच्या टोकाखालची जागा, कंपायलर ती राखून न ठेवताच वापरतो) पण बंद असतो, तो बंद केलास का? नसेल तर आजच कर, ६४ बिट कर्नलमध्ये इंटरप्ट आला की रेड झोनमधल्या व्हेरिएबलवर पाणी पडतं. एन्क्रिप्शन किंवा अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड (RAID) सारख्या कामाला लिनक्सला खरंच एसएसई लागतं तेव्हा "कर्नल एफपीयू बिगिन" आणि "कर्नल एफपीयू एंड" ह्या दोन कॉलच्या मध्ये वापरतात, तेवढ्यात टास्क बदलू देत नाहीत.

म्हणजे कर्नल एसएसईशिवाय कंपाइल कर, आणि तरीही प्रत्येक कोअरवर बिट लाव, कारण यूजर प्रोग्रॅमना लागणारच. ६४ बिट लिनक्सच्या एबीआयमध्ये (फंक्शन एकमेकांना कसं बोलावतात त्याचे नियम) फ्लोट आणि डबलचे आर्ग्युमेंट एक्सएमएममधूनच जातात.

आणि टीएस बिट वापरून आळशी पद्धतीने सेव्ह करायचा मोह होईल, म्हणजे प्रोग्रॅमने एसएसई वापरलं तरच ७ नंबरच्या एक्सेप्शनमध्ये रजिस्टर बदलायची. जुन्या पुस्तकांत हेच शिकवतात. नको करूस. जून २०१८ मध्ये बाहेर आलं की अशा सिस्टीमवर इंटेलच्या प्रोसेसरमध्ये आधीच्या टास्कची रजिस्टर स्पेक्युलेशनमधून वाचता येतात, आणि त्या रजिस्टरमध्ये एन्क्रिप्शनच्या किल्ल्या असतात. लिनक्सने त्याच्या आधीच, २०१६ च्या ४.६ मध्ये, सगळीकडे लगेच सेव्ह करायला सुरुवात केली होती.


जुना_सिस्टीमवाला :

ताईंचं पटलं. मी क्रॅशपुरतं बोललो, कंपायलरच्या फ्लॅगचं आधी सांगायला हवं ते त्यांनी सांगितलं. दोन्ही कर.

आता एसएमईपी. तुझ्या दोन्ही मशीनवर एकाच ओळीवर रीस्टार्ट होतो म्हणून तुला एकच रोग वाटतोय, पण ते दोन आहेत.

क्यूईएमयूत एरर कोड ११. हेक्समधले १० म्हणजे इन्स्ट्रक्शन आणताना फॉल्ट आला, १ म्हणजे पान हजर आहे, आणि यूजरचा बिट शून्य म्हणजे हे कर्नल मोडमध्ये घडलं. सीआर-२ बघ, त्यात सीआर-४ लिहिणाऱ्या ओळीच्या लगेच पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता असेल. एसएमईपीचं काम एकच, कर्नलला यूजरच्या पानावरचा कोड चालवू द्यायचा नाही. तुझ्या कर्नलची स्वतःचीच पानं यूजर म्हणून मॅप केलेली आहेत. बिट लागला त्या क्षणी कर्नलच्या पायाखालची जमीन गेली, आणि आयडीटी (कुठल्या एक्सेप्शनला कुठला हँडलर त्याचं टेबल) बहुतेक अजून लोड केलेली नाही, पेज फॉल्टचा हँडलर शोधायला गेला तर परत फॉल्ट, म्हणून ८ आणि मग ट्रिपल.

सुरुवातीला सोपं जावं म्हणून सगळ्या एंट्रींना हेक्स ७ लावलं असशील, प्रेझेंट, राइट, यूजर. कर्नलच्या पानांना ३ कर. सगळ्या पातळ्यांवर करायची गरज नाही, कुठल्याही एका पातळीवर यूजर बिट नसला तरी ते पान कर्नलचंच धरलं जातं, तेव्हा शेवटच्या पातळीवर काढलास तरी चालेल.

आय-३ चं वेगळं. दुसरी पिढी म्हणजे सँडी ब्रिज, २०११ चा. एसएमईपी आलं पुढच्या आयव्ही ब्रिजमध्ये, २०१२ ला. तुझ्या आय-३ ला हा बिट माहीतच नाही, आणि सीआर-४ मध्ये प्रोसेसरला माहीत नसलेला बिट लिहिला की १३ नंबर येतो, जनरल प्रोटेक्शन. आणि तू हे आयडीटी लोड करायच्या आधी करतोयस असं दिसतंय, नाहीतर निदान स्क्रीनवर काहीतरी आलं असतं.

म्हणून क्रम असा ठेव की आधी आयडीटी, निदान ६, ८, १३, १४ चे हँडलर तरी जागेवर पाहिजेत. मग सीपीयूआयडीला (प्रोसेसरला काय येतं ते सांगणारी इन्स्ट्रक्शन, लीफ म्हणजे तिला विचारायच्या प्रश्नाचा नंबर) विचार, एसएमईपी आहे लीफ ७ सबलीफ ० मध्ये ईबीएक्सचा ७ नंबरचा बिट, एसएमएपी त्यातच २० नंबरचा. लीफ ७ विचारायच्या आधी लीफ ० मधून सगळ्यात मोठी लीफ कुठली ते बघ, नाहीतर जुन्या प्रोसेसरवर भलतंच उत्तर येतं आणि ते खरं वाटतं. मग त्या फीचरला लागणारी तयारी, आणि बिट सगळ्यात शेवटी.


लिनक्स_वाचणारी :

एसएमएपीबद्दल थोडं सांगते कारण त्यात तयारी जास्त आहे. २०१४ च्या ब्रॉडवेलपासून आहे. एसएमईपी कोड चालवू देत नाही, एसएमएपी यूजरच्या पानाला कर्नलला हातच लावू देत नाही, वाचायलाही नाही. म्हणजे बिट लावल्यावर तुझा पहिला राइट सिस्टीम कॉल, जो यूजरचा बफर सरळ पॉइंटरने वाचतो, तो पेज फॉल्टमध्ये जाईल. त्यासाठी स्टॅक (STAC, मेमरीतल्या स्टॅकशी संबंध नाही) आणि क्लॅक (CLAC) अशा दोन इन्स्ट्रक्शन आहेत, फ्लॅग्जमधला १८ नंबरचा एसी बिट लावतात आणि काढतात. यूजरची मेमरी कॉपी करणारी दोनच फंक्शन ठेव, स्टॅक आणि क्लॅक फक्त तिथेच, बाकी कर्नलमध्ये कुणी यूजरच्या पॉइंटरला हात लावायचा नाही. सगळ्या कर्नलमधून यूजरचे पॉइंटर शोधून काढणं हे कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या मते ह्याच कामासाठी एसएमएपी लावावं, तुझ्या कोडमध्ये जिथे जिथे बेफिकिरी आहे ती एका संध्याकाळी उघडी पडते.

दोन जागा राहून जातात. एसी बिट यूजर प्रोग्रॅम स्वतःही लावू शकतो, आणि इंटरप्ट गेटमधून आत येताना तो आपोआप निघत नाही, म्हणून प्रत्येक एंट्रीच्या सुरुवातीला क्लॅक पाहिजे. सिसकॉलने येत असशील तर एफमास्क एमएसआरमध्ये (आत येताना कुठले फ्लॅग काढायचे ते सांगणारं रजिस्टर) १८ नंबरचा बिट टाक. दुसरं, तुझ्या आय-३ वर स्टॅक आणि क्लॅक ह्या इन्स्ट्रक्शनच नाहीत, तिथे ६ नंबर येईल. लिनक्स त्या जागा बूट होताना सीपीयूआयडी बघून कोडमध्येच पॅच करतो, फीचर असेल तर इन्स्ट्रक्शन, नसेल तर नॉप, म्हणजे काहीच न करणारी इन्स्ट्रक्शन. तू सुरुवातीला एक व्हेरिएबल तपासलंस तरी चालेल.

लिनक्समध्ये हे कुठे आहे बघायचं असेल, तर आर्च, एक्स८६, कर्नल, सीपीयू ह्या फोल्डरमधली कॉमन नावाची सी फाइल. तिथे एसएमईपी, एसएमएपी, यूएमआयपी (यूजरला काही सिस्टीम इन्स्ट्रक्शन वापरू न देणारं) ह्यांची एकेक छोटी सेटअप फंक्शन आहेत, प्रोसेसर ओळखण्याच्या कामात प्रत्येक कोअरवर चालतात. त्याच फाइलमध्ये सीआर-४ लिहायचं फंक्शन बघ. २०१९ च्या ५.३ पासून त्यात काही बिट खिळे ठोकून ठेवलेत, बूटनंतर कुणी एसएमईपी काढायचा प्रयत्न केला तर ते फंक्शन बिट परत लावतं आणि इशारा छापतं. हल्ला करणारे त्याच फंक्शनवर उडी मारून एसएमईपी बंद करायचे म्हणून हे केलं. वाचायला छोटं आहे, आणि बिट एकदा लावून विसरायचे नसतात हे त्यात दिसतं.


मकरपुरा_बोर्डवाला :

मी मकरपुरा जीआयडीसीत आर्मच्या बोर्डांवर काम करतो, एक्स८६ माझा विषय नाही, पण हाच किस्सा आमच्याकडे कॉर्टेक्स-एम४ वर नेहमी बघतो म्हणून लिहितोय. एफपीयू असलेला एम४ रीसेटनंतर एफपीयू बंदच ठेवून उठतो. सीपीएसीआर रजिस्टरमध्ये २० ते २३ हे चार बिट लावले तर चालू, नाहीतर पहिल्या फ्लोटच्या इन्स्ट्रक्शनला यूसेज फॉल्ट, आणि यूसेज फॉल्ट चालू केलेला नसेल तर तोच हार्ड फॉल्ट बनून येतो. कंपनीच्या स्टार्टअप फाइलमध्ये ते लिहिलेलं असतं म्हणून कुणाला कळत नाही, नवीन मुलगा स्वतःची स्टार्टअप फाइल लिहायला बसतो तेव्हा अडकतो. ६४ बिट आर्ममध्ये सीपीएसीआर ईएल१ चे २० आणि २१, रिस्क-फाइव्हमध्ये एमस्टेटसमधलं एफएस. नावं वेगळी, कारण तेच, रजिस्टर जपायची जबाबदारी कोण घेतंय.

एम४ ची एक गोष्ट : बिट लावल्यावर डीएसबी आणि आयएसबी (आधीचं काम पुरं होईपर्यंत थांबवणाऱ्या इन्स्ट्रक्शन) टाकायचं, लगेच पुढची इन्स्ट्रक्शन फ्लोटची असेल तर त्याशिवाय भरवसा नाही.


सूरसागरकाठ :

दादा, ताई, बोर्डवाले दादा, तिघांचेही मनापासून आभार. कर्नल एसएसईशिवाय कंपाइल केला, रेड झोन बंद केला, ट्रॅम्पोलिनमध्ये सीआर-०, सीआर-४, ईएफईआर तिन्ही पूर्ण किमतींनी लिहिले आणि आता चारही कोअरचे आकडे मॉनिटरमध्ये जुळतात. पानांचे ७ चे ३ केल्यावर एसएमईपी पण चालू झालं, आय-३ वर सीपीयूआयडी नाही म्हणतं आणि कर्नल पुढे जातो. एसएमएपीला हात घातलाय, यूजरचे पॉइंटर खरंच भलत्या भलत्या जागी निघताहेत.

आता एव्हीएक्स. आय-३ ला ते आहे, मित्राच्या नव्या लॅपटॉपला एव्हीएक्स ५१२ पण आहे. सीपीयूआयडी आहे म्हणतं, तरी यूजर प्रोग्रॅममध्ये एव्हीएक्सची इन्स्ट्रक्शन टाकली की परत ६ नंबर. एक्ससेटबीव्ही (एक्ससीआर-० हे रजिस्टर लिहिणारी इन्स्ट्रक्शन) करून बघितलं तर त्यालाच ६ नंबर येतो.


जुना_सिस्टीमवाला :

क्रम उलटा झालाय एवढंच. लीफ १ मध्ये ईसीएक्सचा २६ नंबरचा बिट एक्ससेव्ह (एव्हीएक्ससकट सगळी रजिस्टर जपणारी इन्स्ट्रक्शन) आहे का ते सांगतो. असेल तर आधी सीआर-४ चा १८ नंबरचा, ओएसएक्ससेव्ह, तो लागल्याशिवाय एक्ससेटबीव्ही चालतच नाही. मग एक्ससीआर-० मध्ये ७ लिही, म्हणजे एक्स८७, एसएसई, एव्हीएक्स. ० नंबरचा, एक्स८७ चा बिट नेहमी १ लागतो, आणि एसएसई सोडून नुसतं एव्हीएक्स लावलंस तर १३ नंबर.

सीआर-४ मध्ये १८ लावल्यावर लीफ १ परत वाच, ईसीएक्सचा २७ नंबरचा बिट आता १ दिसेल, आधी ० होता. तो बिट तुझा सीआर-४ दाखवतो, प्रोसेसरची कुवत नाही. यूजर प्रोग्रॅमनी एव्हीएक्स वापरायच्या आधी हाच बघायचा असतो आणि मग एक्सगेटबीव्हीने एक्ससीआर-० वाचायचा, नुसता २८ नंबरचा एव्हीएक्सचा बिट बघून चालत नाही. तुझा प्रोग्रॅम तेच करत होता.

जागेचं विसरू नकोस. ५१२ बाइट आता पुरत नाहीत. एव्हीएक्ससकट ५१२ अधिक ६४ चं हेडर अधिक २५६, म्हणजे ८३२, आणि अलाइनमेंट १६ ची नाही, ६४ ची. एव्हीएक्स ५१२ असलेल्या लॅपटॉपवर सगळं चालू केलंस तर अडीच हजाराच्या वर जातं. म्हणून आकडा कोडमध्ये लिहून ठेवू नकोस, एक्ससीआर-० लिहून झाल्यावर लीफ डी, सबलीफ ० चं ईबीएक्स वाच, आत्ता चालू केलेल्या फीचर्सना किती जागा लागते ते त्यात येतं. ईसीएक्समध्ये सगळं चालू केलं तर किती लागेल ते. आधी वाचलंस तर ईबीएक्स लहान येईल आणि एक्ससेव्ह पुढच्या टास्कच्या मेमरीवर लिहून मोकळं.


लिनक्स_वाचणारी :

आणि एक्ससीआर-० सगळ्या कोअरवर तोच पाहिजे, तुझा शेड्युलर टास्कला कुठल्याही कोअरवर टाकतो. एका कोअरवर एव्हीएक्स चालू आणि दुसऱ्यावर बंद असेल तर टास्क तिकडे गेला की ६ नंबर. इंटेलला स्वतःला हा प्रश्न आला होता, २०२१ च्या १२ व्या पिढीत मोठ्या कोअरमध्ये एव्हीएक्स ५१२ होतं, छोट्या कोअरमध्ये नव्हतं, शेवटी त्यांनी ते मोठ्यांमध्येही बंदच केलं. म्हणून कोअर ० वर जे ठरवशील ते एका ग्लोबलमध्ये ठेव आणि बाकीचे कोअर उठताना तेच लिहू देत, प्रत्येकाने आपापलं ठरवायचं नाही. आणि उठणाऱ्या कोअरची सीपीयूआयडी त्यापेक्षा कमी सांगत असेल तर त्या कोअरला शेड्युलरमध्ये घेऊच नकोस, स्क्रीनवर छाप आणि थांबव.


लष्कर_ग्वाल्हेर :

मध्येच विचारतो, ह्याच सीआर-४ मधला १३ नंबरचा व्हीएमएक्सई (व्हर्च्युअल मशीन चालवायच्या व्हीएमएक्स सोयीचा बिट) मी लावला, सीपीयूआयडीत व्हीएमएक्स आहे, बिट लागतो पण, पण व्हीएमएक्सऑन केलं की १३ नंबर येतो. काय राहतंय?


जुना_सिस्टीमवाला :

हेक्स ३ए नंबरचा एमएसआर वाच. ० नंबरचा बिट कुलपाचा, २ नंबरचा व्हीएमएक्सची परवानगी. कुलूप लागलंय आणि परवानगी नाही असं असेल तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे, सेटअपमध्ये जाऊन चालू कर, कर्नलमधून ते रीसेटपर्यंत उघडत नाही. कुलूपच नसेल तर परवानगी आणि कुलूप दोन्ही बिट तूच लिही, आणि तेही प्रत्येक कोअरवर.


सूरसागरकाठ :

एव्हीएक्स आय-३ वर चाललं, लीफ डी ने ८३२ च सांगितलं. लॅपटॉपवर उद्या बघतो. पुढे पीसीआयडी (पेज टेबलच्या कॅशेतल्या नोंदींना टास्कचा नंबर लावणं) लावायचा विचार आहे, त्यात काही खाचखळगे?


जुना_सिस्टीमवाला :

सीआर-४ चा १७ नंबरचा. लाँग मोडमध्ये गेल्यावरच लागतो, आणि लावताना सीआर-३ चे खालचे १२ बिट शून्य पाहिजेत, नाहीतर १३ नंबर. लावल्यानंतर तेच १२ बिट टास्कचा नंबर म्हणून धरले जातात, तेव्हा सीआर-३ मध्ये तू आधी कॅशेचे बिट टाकत असशील तर ते काढ. पण आधी एसएमएपी पुरतं संपव, पीसीआयडीने फक्त वेग वाढतो, थांबला तर बिघडत नाही.